क्वी न्योनला पहिल्यांदा जाताय? आधी घड्याळ बदला

व्हिएतनामला जाऊन आलेली आपली बहुतेक मंडळी एकाच फेऱ्याचे फोटो दाखवतात. हनोई, हा लाँगची होडी, दा नांगजवळचा दगडी दिसणाऱ्या दोन हातांवर पेललेला पूल, हो ची मिन्ह सिटी, की झालं. दा नांगपासून दक्षिणेला साधारण तीनशे किलोमीटरवरचं क्वी न्योन या फेऱ्यात बसत नाही, आणि ते बरंच आहे. चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा, पाठीशी डोंगर, पहाटे समुद्रात उतरणारी सत्तरीची माणसं आणि जिकडे तिकडे फुटपाथवर मांडलेल्या कॉफीच्या खुर्च्या, असं हे गाव. गाव म्हणतेय, तसं ते बऱ्यापैकी मोठं शहर आहे. पण चाल गावाचीच आहे.

मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला जवळपास सगळं चुकलं: महिना चुकला, व्हिसावरचं नाव चुकलं, जेवणाच्या वेळा तर रोज चुकल्या. दुसऱ्या खेपेला सगळं जमलं, कारण तोवर कळलं होतं की इथं ठिकाणांची यादी घेऊन फिरायचं नसतं, गावाच्या वेळा पाळायच्या असतात. पुढचं सगळं त्या दोन फेऱ्यांतून आलेलं आहे.

१. महिना ठरवा, आणि दिवाळीची सुट्टी विसरा

ही पहिली आणि सर्वांत महाग चूक. आपल्याकडे ऑक्टोबरात पाऊस ओसरतो, आकाश धुतल्यासारखं होतं आणि आपण बॅगा भरतो. मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर नेमकं उलटं असतं. तिथला खरा पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत वाईट. चक्रीवादळंही याच दिवसांत येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कल्मेगी वादळानं या भागाची मोठी हानी केली. मी पहिल्यांदा भाऊबीज करून निघाले होते. पाच दिवसांत समुद्र दिसला तो हॉटेलच्या काचेतून, आणि तोही करडा.

मार्च ते मे उत्तम. म्हणजे आपल्या मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीशी छान जुळतं. फक्त ३० एप्रिल आणि १ मे या दोन तारखा टाळा. त्या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत, अख्खा देश समुद्राकडे धावतो आणि खोल्यांचे भाव चढतात. जून ते ऑगस्ट कोरडं असतं, पण ऊन कडक आणि तिथल्या शाळांना सुट्टी. जानेवारी-फेब्रुवारीत ‘तेत’ म्हणजे त्यांचं नववर्ष येतं, तेव्हा आठवडाभर बऱ्याचशा छोट्या खाणावळी बंद असतात. खायला म्हणून जाणार असाल तर त्या आठवड्यात मुळीच जाऊ नका.

२. ई-व्हिसा: नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. अर्ज ऑनलाइन, व्हिएतनाम सरकारच्या संकेतस्थळावर. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना, ते तपासा. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी काही संकेतस्थळं दिसायला सरकारी, पण असतात खासगी दलालांची, आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. कागदोपत्री तीन कामाचे दिवस लागतात. तुम्ही तीन आठवडे हाताशी ठेवा.

आता खास मराठी सापळा. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात. सवयीनं आपण अर्जात फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो. मी तेच केलं. नाव जुळेना, पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर उतरवा.

दुसरा सापळा तारखेचा. मुंबईहून रात्री निघणारं विमान तिथं दुसऱ्या तारखेला उतरतं, आणि त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. व्हिसावर लिहिलेल्या तारखेच्या आधी प्रवेश मिळत नाही, नंतर मिळतो. म्हणून प्रवेशाची तारीख एक-दोन दिवस आधीची टाका. नव्वद दिवसांत तेवढ्यानं काही बिघडत नाही.

सोबत एवढं ठेवा:

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- ई-व्हिसाच्या दोन छापील प्रती (फोनची बॅटरी नेमकी रांगेत मरते)
- परतीचं तिकीट आणि पहिल्या हॉटेलचं आरक्षण
- प्रवास विमा
- डॉलरच्या कोऱ्या नोटा. दुमडलेल्या, शाई लागलेल्या, कोपरा फाटलेल्या नोटा बदलून देताना नाकं मुरडतात
- पासपोर्टचा फोटो फोनमध्ये. हॉटेलवाले नोंदणीसाठी पासपोर्ट मागतात, तो त्यांच्या कायद्याचा भाग आहे, घाबरू नका

चार्जरसाठी वेगळं काही लागत नाही. आपली दोन गोल पिनांची टोकं तिथं बसतात.

३. पोचायचं कसं, आणि पत्त्यावर भलताच प्रांत का दिसतो

मुंबईहून हो ची मिन्ह सिटी, तिथून देशांतर्गत विमानानं सव्वा तासाच्या आत फू कात विमानतळ. हा विमानतळ युद्धाच्या काळात अमेरिकेचा हवाई तळ होता. तिथून क्वी न्योन तीसेक किलोमीटर, बस आणि टॅक्सी दोन्ही मिळतात. हो ची मिन्ह सिटीत विमान बदलताना मधे किमान चार तास ठेवा. आंतरराष्ट्रीय टर्मिनल वेगळं, आणि २०२५ पासून देशांतर्गत विमानं दोन निरनिराळ्या टर्मिनलांवरून सुटतात. तिकिटावर टी-१ आहे की टी-३, हे आधी वाचा.

वेळ असेल तर रात्रीची रेल्वे घ्या. उत्तर-दक्षिण मार्गावरचं दिएउ त्री हे स्टेशन गावापासून दहा किलोमीटरवर आहे. सायगावहून (रेल्वेत हो ची मिन्ह सिटीचं अजून हेच जुनं नाव चालतं) सव्वासहाशे किलोमीटर, बारा तासांच्या आसपास. सकाळी जाग आली की खिडकीत भातशेती. कोकण रेल्वेची सवय असलेल्याला अगदी घरच्यासारखं वाटेल. स्लीपर बसही आहेत. त्यात चढताना पायातलं काढून पिशवीत घालायचं असतं.

आता पत्त्याची गंमत. क्वी न्योन ही बिन्ह दिन्ह प्रांताची राजधानी, असं सगळ्या जुन्या माहितीत लिहिलेलं असतं. १ जुलै २०२५ पासून बिन्ह दिन्ह आणि डोंगराळ जिया लाई हे दोन प्रांत एक झाले. नाव ठेवलं जिया लाई, राजधानी ठेवली क्वी न्योन. त्यामुळे हॉटेलच्या पत्त्यावर ‘जिया लाई’ दिसलं की जुने नकाशे पाहिलेला माणूस दचकतो, आपण भलत्याच डोंगरातली खोली घेतली की काय. नाही घेतली. आणि या जोडणीचा कॉफीशी संबंध आहे, त्याच्याकडे येतेच.

गावात फिरायला ॲपवरची टॅक्सी किंवा ॲपवरची बाईक पुरते. स्कूटर भाड्यानं सहज मिळते, कुणी परवाना विचारत नाही, तोच सापळा. आरटीओतून मिळणारा आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा असतो, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ चा. म्हणजे पोलिसानं अडवलं तर तो कागद निरुपयोगी, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करणार. शिवाय गाड्या उजव्या बाजूनं चालतात. किनाऱ्याच्या रस्त्यावर सायकल चालवा, सुखात राहा.

रस्ता ओलांडताना मात्र धावू नका, थबकूही नका. एका लयीत चालत राहा, स्कूटरींचा प्रवाह तुम्हाला वळसा घालून जातो. पुण्यात लक्ष्मी रोड ओलांडलेल्याला वेगळं शिकवायला नको.

४. पैसे: तीन शून्यं झाका

एक रुपया म्हणजे साधारण २९०-३०० डोंग. बाजारात हिशेब करायची युक्ती अशी: शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला साडेतीनच्या आतबाहेर गुणा. वीस हजारांची कॉफी म्हणजे वीस गुणिले साडेतीन, सत्तर रुपयांच्या आत. तिथले लोकही हजार म्हणत नाहीत, पाटीवर नुसतं ‘२० के’ लिहितात.

नाणी चलनात नाहीत, सगळ्या नोटा, आणि सगळ्यांवर हो ची मिन्ह. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर. संध्याकाळच्या उजेडात मी एका शहाळेवाल्या बाईंना वीसऐवजी पाच लाख दिले होते. त्यांनी हसून परत केले आणि माझ्या पाकिटातून बोटानं बरोबर नोट काढून घेतली. प्रत्येक वेळी इतकी भली बाई भेटेलच असं नाही, तेव्हा पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात.

५. आधी नातं, मग ऑर्डर

व्हिएतनामी भाषा सुरांवर चालते, त्यामुळे इथं देवनागरीत लिहिलेले उच्चार फक्त कानाला ओळख व्हावी म्हणून आहेत. हे शब्द त्यांच्या लिपीत फोनवर साठवून ठेवा आणि दाखवा. भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा पाट्यांवर धरला की कामापुरतं कळतं.

पण एक गोष्ट आपल्याला फार सोपी जाते. त्यांच्यात ‘तू’ आणि ‘तुम्ही’च्या जागी नाती येतात. थोड्या मोठ्या बाईला ‘चि’ म्हणजे ताई, थोड्या मोठ्या पुरुषाला ‘आन्ह’ म्हणजे दादा, लहानाला ‘एम’. आईच्या धाकट्या बहिणीला वेगळा शब्द, वडिलांच्या बहिणीला वेगळा, आपल्या मावशी-आत्यासारखाच. आणि हाक मारताना शेवटी ‘ओई’ लावायचं. ‘चि ओई!’ म्हटलं की टपरीवरची बाई वळून बघते आणि चेहरा सैलावतो. ‘एक्सक्यूज मी’ला हे घडत नाही.

कामाचे इतर शब्द:

- खोंग: नको, नाही
- बॉ: गोमांस. हेओ: डुकराचं मांस. गा: कोंबडी
- का: मासा. तोम: कोळंबी. मुक: माकूल
- आन चाय: शाकाहारी
- इत न्गॉत: कमी गोड
- तिन्ह तिएन: बिल द्या

गोमांस किंवा डुकराचं मांस खात नसाल तर पहिल्या दोन शब्दांआधी ‘खोंग’ लावायला शिका. आणि रश्श्याचं विचारा. वरचे तुकडे कोंबडीचे असले तरी खालचा रस्सा डुकराच्या हाडांचा असू शकतो.

६. जेवण: पदार्थ शोधू नका, वेळ शोधा

इथंच माझी पहिली खेप वाया गेली. आपण दुपारी एकला जेवायला आणि रात्री नऊला पुन्हा जेवायला निघतो. क्वी न्योनला दुपारी साडेअकरा ते दोन गाव झोपलेलं असतं, आणि प्रत्येक टपरी एकच पदार्थ करते, त्याच्या ठरलेल्या वेळेला. पातेलं रिकामं झालं की दुकान बंद. नकाशावर ‘चार पूर्णांक सहा तारे’ बघून जाल आणि खाली ओढलेलं शटर बघून परत याल.

पहाटे पाचला उठा. खरंच उठा. किनारा पूर्वाभिमुख आहे, साडेपाचच्या आसपास सूर्य वर येतो, आणि अख्खं गाव पाण्यात असतं. आठनंतर तिथं फक्त पर्यटक उरतात. पोहून झालं की बून चा का. (मालवणात ‘चा’ विचारल्यासारखं ऐकू येतं, पण चहाचा संबंध नाही.) बून म्हणजे तांदळाच्या गोल शेवया, चा का म्हणजे माशाचं मांस कुटून केलेल्या वड्या, काही तळलेल्या, काही वाफवलेल्या. रस्सा माशांच्या हाडांचा, पातळ, स्वच्छ. न्गुयेन ह्वे रस्त्यावर याची दुकानं ओळीनं आहेत. सोबत पालेभाजीची टोपली येते. ती सजावट नाही, हातानं तोडून वाडग्यात टाकायची. मिरची आधी चिमटीभर. आपल्याला तिखटाची सवय आहे हा माज तिथल्या छोट्या मिरचीपुढे टिकत नाही.

सकाळीच मिळणारा दुसरा पदार्थ बान्ह होई. हा बघितला आणि मला थेट आजीचा शेवया पाडायचा शेवगा आठवला. तांदळाच्या पिठाच्या केसांइतक्या बारीक शेवया, दाबून काढलेल्या, जाळीसारख्या चौकोनात घड्या घातलेल्या. आपले शिरवाळेच म्हणा ना. फरक एवढाच की आपण नारळाच्या दुधात गूळ घालून खातो आणि ते वर कांद्याच्या पातीच्या जातीच्या पानांचं तेल सोडतात. गावातले लोक हे डुकराच्या आतड्या-काळजाबरोबर आणि पेजेबरोबर खातात. नको असेल तर ‘खोंग हेओ’ म्हणा आणि नुसतं बान्ह होई मागा, देतात.

दुपारी झोपा. गाव झोपतं, तुम्हीही झोपा.

चारनंतर बान्ह सेओ तोम न्याय. ‘सेओ’ म्हणजे तव्यावर पीठ पडल्यावर येणारा चर्र आवाज. ‘न्याय’ म्हणजे उड्या मारणारी: कोळंबी इतकी ताजी की अजून उडतेय, असा दावा. घावनाचा चुलतभाऊ आहे. दक्षिणेत हळद घालून केलेलं मोठ्ठं, पिवळं बान्ह सेओ मिळतं. इथलं छोटं, पांढरट, कुरकुरीत कडांचं, वर लालसर खाडीतली कोळंबी आणि मोड आलेले मूग. दिएन होंग रस्त्यावर त्याची प्रसिद्ध दुकानं आहेत.

खायची रीत आहे, ती चुकली की निम्मी मजा गेली. तांदळाचा पातळ कागद तळहातावर घ्या. त्यावर अर्धं घावन, काकडी, कच्च्या आंब्याची फोड, दोन-तीन प्रकारची पानं. गुंडाळी करा, चटणीच्या वाटीत बुडवा, दोन घासांत संपवा. माझी पहिली गुंडाळी मांडीवर सांडली, कारण मी विड्यात सुपारी भरावी तसं सगळं भरलं होतं. कमी भरा. दुकानवाल्या ताई एक करून दाखवतात, लाजू नका.

रात्री सुआन दिएउ या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर माशांची हॉटेलं. टाक्यांत जिवंत मासे, शिंपल्या, माकूल, बोट दाखवायचं. इथं सावध राहा. पाटीवर आकड्याऐवजी ‘थोई झा’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘आजचा बाजारभाव’. आधी किलोचा भाव फोनच्या कॅल्क्युलेटरवर लिहून घ्या, मग डोळ्यांसमोर वजन, मग हो म्हणा. तसंच टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे आणि थंड ओल्या रुमालांची पाकिटं फुकट नसतात. दोन-तीन हजार डोंगांचा मामला असतो, फसवणूक नाही, तशी पद्धतच आहे. नको असेल तर फोडू नका.

आणि फोचं काय? फो मिळतो, पण तो उत्तरेचा. कोल्हापूरला जाऊन मिसळ सोडून वडा-सांबार शोधण्यासारखं आहे.

७. शाकाहारी असाल तर ‘चाय’ म्हणा

शाकाहारासाठीचा शब्द ऐकायला चक्क ‘चाय’ येतो. चहाची आठवण काढत कुणी ‘चाय, चाय’ म्हणत राहिलं तर समोर टोफू येईल. पाटीवर ‘क्वान चाय’ असेल ते दुकान शाकाहारी, बौद्ध पद्धतीचं. तिथं मांस-मासे नाहीत, आणि पुष्कळदा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आपल्याकडच्या जैन मंडळींनाही सोपं पडतं.

इतर कुठल्याही दुकानात भाजी मागवली तरी ‘न्युओक माम’ म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी त्यात असणार, असंच धरून चाला. तिथल्या माणसाच्या लेखी ते मिठासारखं आहे, मासा नव्हे. म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘आन चाय’ हेच शब्द लागतात.

आणि निघण्यापूर्वी पंचांग बघा! त्यांच्या चांद्र महिन्याचा पहिला आणि पंधरावा दिवस पाळणारे लोक त्या दिवशी शाकाहार करतात. म्हणजे ढोबळमानानं आपली अमावास्या आणि पौर्णिमा. त्या दिवशी एरवी मासे विकणाऱ्या टपरीवरही चायचं पातेलं दिसतं. फक्त खोटी कोळंबी आणि खोटं मांस बघून उठून जाऊ नका. सोया आणि सुरणाच्या जातीच्या कंदांपासून ते इतकं हुबेहूब करतात की माझ्या सासूबाईंनी ताट बाजूला सारलं होतं.

गोड खायला बान्ह इत ला गाय. चिकट तांदळात एका झाडाची पानं वाटून घालतात, त्यानं रंग काळाकुट्ट येतो. आत मुगाच्या डाळीचं किंवा खोबऱ्याचं गोड सारण, बाहेर केळीचं पान. काळा मोदक समजा. मेतकुटाची पुडी मात्र बॅगेत असू द्या. तिथला मऊ भात आणि मेतकूट, ही जोडी दमलेल्या रात्री कामाला येते.

८. कॉफी: घाई असेल तर मागवूच नका

मी चहाची माणूस. कॉफी म्हणजे आमच्या घरी पाहुण्यांसाठी फेस काढून केलेली. त्यामुळे क्वी न्योनच्या फुटपाथवर पहिल्यांदा समोर ग्लास आला तेव्हा मला कळेचना की हे तयार आहे की व्हायचंय. तळाशी दोन बोटं घट्ट गोड दूध, ग्लासावर पत्र्याचं भोकांचं भांडं, त्यातून थेंब... थेंब. त्या भांड्याला ‘फिन’ म्हणतात. पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं बसायचं, एवढंच काम. खुर्च्या एकमेकांकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या असतात.

थेंब थांबले की फिनचं झाकण उलटं ठेवा, त्यावर फिन. म्हणजे टेबल खराब होत नाही. मग तळापासून ढवळा आणि बर्फाच्या ग्लासात ओता. फिनमधली चकती चमच्यानं दाबू नका. मी दाबली होती, कडू राखेचं पाणी निघालं.

मागवायचं काय:

- का फे देन दा: काळी, बर्फाची. कडक, बहुधा साखर घातलेली
- का फे सुआ दा: आटवलेल्या गोड दुधाची, बर्फाची. हीच ती प्रसिद्ध
- बाक सिउ: दूध जास्त, कॉफी कमी. चहावाल्यांनी इथून सुरुवात करा
- का फे मुओई: वर खारट मलई. ह्वे शहरात २०१० मध्ये निघाली, आता सगळीकडे मिळते
- का फे दुआ: नारळाची. या प्रांताच्या उत्तरेला ताम क्वान हा नारळांसाठी नावाजलेला भाग आहे, तेव्हा इथं ती शोभते

‘दा’ म्हणजे बर्फ. गरम हवी असेल तर ‘नाँग’ म्हणा. अंड्याची कॉफी १९४६ मध्ये हनोईत दुधाच्या टंचाईतून जन्मली. ती हनोईतच प्या, इथं त्यावर पोटातली जागा घालवू नका.

दूध डब्याचं का, असा प्रश्न मला पडला होता. फ्रेंचांनी १८५७ च्या सुमारास कॉफीचं रोप आणलं, पण ताज्या दुधाची ना तिथं परंपरा होती ना उन्हात ते टिकायचं. डब्यातलं गोड दूध टिकायचं. आणि रोबस्टा या कॉफीच्या जातीच्या कडवटपणाला तेवढा गोडवा लागतोच. व्हिएतनाम आज ब्राझीलनंतर जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवतं, त्यातली बहुतेक रोबस्टा, आणि ती पिकते मध्य पठारावरच्या लाल मातीत. क्वी न्योनहून १९ क्रमांकाचा महामार्ग आन खे घाट चढून प्लेइकूकडे जातो, तिथं कॉफीचे मळे सुरू होतात. म्हणजे २०२५ च्या त्या जोडणीनंतर मळा आणि समुद्र एकाच प्रांतात आले. कोळंबीचं घावन खाऊन त्यावर प्यायलेली कॉफी ही आता जिल्ह्याच्या भाषेत सांगायचं तर ‘इथलीच’.

सापळा एकच, पण मोठा: रोबस्टात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं. संध्याकाळी सहाला दोन ग्लास प्यायले आणि रात्री तीनला छताचा पंखा मोजत होते. दुपारी तीननंतर नको. कॉफीसोबत येणारा बर्फाचा फिका चहा बहुधा फुकट असतो, तो मात्र कितीही प्या. फुटपाथवर कॉफी पंधरा ते पंचवीस हजार डोंगांना. वातानुकूलित जागी दुप्पट, आणि चव बहुतेकदा कमी.

९. दोन खाण्यांच्या मधे

फार काही नाही, आणि नसावंच. गावातच थाप दोई ही चाम लोकांची विटांची जोडमंदिरं आहेत, साताठशे वर्षांपूर्वीची. चाम राजे शिवभक्त होते, त्यांची राजधानी विजया इथून जवळच होती आणि १४७१ मध्ये ती पडली. समुद्र, विटांचे मनोरे आणि शिवलिंग: मराठी माणसाला इथं वेगळीच ओळख पटते. ३० मिनिटं पुरतात, मी दोन तास बसले.

घेन्ह रांग टेकडीवर कवी हान माक तू यांची समाधी आहे. कुष्ठरोग झालेले हे कवी १९४० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी इथल्या क्वी होआ कुष्ठधामात वारले. खाली गोल गोट्यांचा किनारा आहे, चपला घालून जा. की को आणि एओ गियो ही फोटोंतली निळी ठिकाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत. समुद्र खवळला असेल तर होड्या बंद, आणि कुणी ‘चला, सोडतो’ म्हणालं तरी जाऊ नका.

आणि हो, निघण्यापूर्वी घरच्यांनी मला ‘व्हिएतनाममधल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचा’ फोटो काढून आणायला सांगितलं होतं. व्हिएतनाममध्ये महाराजांचा पुतळा आहे असं सांगत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरातला तो पुतळा मला काही कुठं सापडला नाही. हॉटेलवरच्या मुलीला विचारलं तर तिनं मला पन्नासेक किलोमीटरवरच्या ताय सोनला, क्वांग त्रुंग यांच्या संग्रहालयात पाठवलं. १७८९ मध्ये तेतच्या ऐन सणात वेगानं कूच करून चीनच्या चिंग फौजेला हरवणारा हा त्यांचा राजा. तिथं ढोलांचा आणि शस्त्रांचा खेळ दाखवतात. ढोल ऐकून अंगावर काटा आला. फोटो त्यांचाच नेला घरी.

१०. परत येताना

कॉफी बाजारातून घ्या, विमानतळावरून नको. ‘न्गुयेन चात’ म्हणजे निव्वळ, असं पाकिटावर बघा, कारण स्वस्त कॉफीत भाजलेला मका किंवा सोयाबीन मिसळलेलं असू शकतं. दळताना फिनसाठी म्हणून सांगा. फिन पत्र्याचं किंवा स्टीलचं मिळतं, स्टीलचं घ्या, पत्र्याचं आपल्या पावसाळ्यात गंजतं.

घरी एक चूक हमखास होते. आणलेली पूड संपली की आपण वाण्याकडची फिल्टर कॉफीची पूड फिनमध्ये घालतो. ती फार बारीक असते, त्यात चिकोरीही असते, भोकं बुजतात आणि पंधरा मिनिटांनीही ग्लासात दोनच थेंब. रवाळ दळून आणा. तीन चमचे पूड, चकती वर नुसती ठेवायची, आधी दोन चमचे उकळतं पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, मग फिन भरायचं. दूध डब्याचंच. चितळ्यांच्या पिशवीतल्या दुधावर मी तीनदा करून पाहिली, नाही जमत.